सक्तीच्या बंदुकीत समता कुठली?

मैत्रिणींनो, ‘बायकांनाही सैन्यात सक्तीने घ्या, मगच खरी समता’ असं म्हणणाऱ्यांना मी आफ्रिकेतल्या एरिट्रियाचं उदाहरण देते.

तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात जवळपास एक तृतीयांश लढवय्ये बायका होत्या. स्वातंत्र्यानंतर, १९९५ च्या कायद्याने स्त्री-पुरुष दोघांवरही १८ महिन्यांची सेवा लादली. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध पेटलं, २००० मध्ये थांबलं. सेवेची मुदत मात्र संपेनाशी झाली. २००३ पासून शाळेचं शेवटचं वर्षही सावाच्या लष्करी छावणीतच. मुलींवर होणारे बलात्कार, अधिकाऱ्यांच्या घरी करावी लागणारी धुणीभांडी, सारं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने नोंदवलं आहे. २०१६ मध्ये आयोगाने याला गुलामगिरीच म्हटलं.

लग्न झालेल्या किंवा मूल असलेल्या बाईला सहसा सूट मिळते. म्हणून मुली शाळा सोडून बोहल्यावर चढतात. बालविवाहाविरुद्ध मी वस्तीत रोज बोलते. पण या मुलीला कोणत्या तोंडाने सांगू, थांब म्हणून? तिच्यापुढे छावणी, नाहीतर चूल! आणि नवरा तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं छावणीत. शेत, पोरं, म्हातारी माणसं तिच्याच गळ्यात.

पुरुषांच्या वेठबिगारीत निम्मा वाटा मिळाला, याला मी समता म्हणणार नाही. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क दोघांनाही हवा. आपली मागणी तीच असू दे.