पोटगीचा हप्ता पगारातूनच कापा

पोटगी थकवली तर नवऱ्याला तुरुंगात जावे लागते, याहून कडक कायदा तो कोणता, असे बरेच जण विचारतात. कायदा कागदावर कडक आहे, हे खरेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे (जुने १२५) थकबाकीसाठी दंडवसुलीसारखे वॉरंट निघते आणि तरीही पैसे आले नाहीत तर दर थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण हे सारे घडवून आणायचे कोणी? जिच्या हाती पैसे नाहीत तिनेच. वसुलीचा अर्ज तिने करायचा, नवऱ्याचा बदललेला पत्ता तिने शोधायचा, वॉरंटची बजावणी झाली का हे पोलीस ठाण्यात तिनेच विचारत राहायचे. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या महिन्यांसाठी हे वॉरंटही मिळत नाही. समजा, महिना आठ हजार रुपये पोटगी ठरली आणि दहा महिने थकली. वॉरंट निघाल्याचे कळताच नवरा वीस हजार घेऊन हजर होतो, बाकीच्यासाठी मुदत मागतो, वॉरंट रद्द होते, पुढची तारीख पडते. तोवर नवी थकबाकी चढलेली असते.

शिवाय कैदेने देणे फिटत नाही. कैद हा वसुलीचा एक मार्ग आहे, तिने थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. तुरुंगात बसलेला माणूस कमावतही नाही, म्हणजे मुलाची फी तिथेच अडते.

उपाय नव्याने शोधायला नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली दंडाधिकारी थेट मालकाला पगारातून रक्कम वळती करायला सांगू शकतात. मात्र ही हत्यारे पैसे थकल्यावर, पुन्हा अर्ज केल्यावर बाहेर निघतात. आपल्याच राज्यात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मुळे पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून मालक कापून देतो. सभासदाने कर्ज घेतानाच तसा करार केलेला असतो. पतसंस्थेला तारखांना जावे लागत नाही, मुलाच्या आईला जावे लागते. पोटगीच्या पहिल्या आदेशातच कपातीचा हुकूम असावा, थकबाकीची वाट पाहू नये. अमेरिकेत मुलांच्या पोटगीच्या नव्या आदेशांना १९९४ पासून, काही अपवाद वगळता, हाच नियम आहे.

यावर पहिला आक्षेप गैरवापराचा. बायका उत्पन्न लपवतात, अवाच्या सव्वा मागतात, असे म्हणतात. काही मागतही असतील. पण तो वाद रक्कम ठरवतानाचा आहे आणि त्यासाठीच २०२० मध्ये, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. त्या प्रकरणात पत्नीने २०१३ मध्ये मागितलेल्या अंतरिम पोटगीचा आदेश २०१५ मध्ये झाला. कायदा मात्र शक्यतो साठ दिवस म्हणतो. दोन्ही बाजू ऐकून रक्कम ठरल्यावर तिची वसुली हा वादाचा विषय उरत नाही. नोकरी गेली, पगार घटला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागता येते. स्वतःच्या मर्जीने पैसे थांबवण्याची सवलत मात्र कोणत्याच कलमात नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: रिक्षावाल्याचा, शेतमजुराचा पगार कापणार कुठून? तिथे ही पद्धत तोकडी पडेल, हे मान्य करावे. त्यांच्यासाठी वॉरंट आणि जप्ती राहतीलच, आणि पगारदारांची प्रकरणे त्या रांगेतून बाहेर पडली तर न्यायालयांना उरलेल्यांकडे लक्ष देता येईल. सगळ्यांना लागू पडत नाही म्हणून कोणालाच लावू नये, हा तर्क प्राप्तिकराच्या बाबतीत सरकारने कधी मान्य केला नाही. उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून पगारदार नवऱ्याविरुद्धच्या प्रत्येक पोटगी आदेशाची प्रत त्याच्या मालकाकडे पाठवणे बंधनकारक करावे.