रहस्य फुटल्यानंतरचा सिनेमा

‘स्टार वॉर्स’ची मूळ चित्रत्रयी मित्रमंडळींनी पुन्हा एकत्र बसून बघायचं ठरवलं, की एखादा शहाणा नाक मुरडतोच. त्याचे आक्षेप ठरलेले. खलनायक डार्थ व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग बघायचं काय? त्यातली करामत जुनाट झाली. आणि चारचौघांत बसलं की सिनेमा कमी, गप्पाच जास्त.

खरा दम पहिल्या आक्षेपात आहे, म्हणून आधी तोच घेऊ. 1977 च्या पहिल्या भागात ल्यूक ओबी-वानला विचारतो, माझे वडील गेले कसे? ओबी-वान झालेला ॲलेक गिनेस लगेच उत्तर देत नाही. जरा थांबतो, मग सांगतो की व्हेडर नावाच्या माझ्याच शिष्याने दगा देऊन त्यांना मारलं. म्हातारा थाप मारतोय हे आज स्वच्छ दिसतं. गंमत अशी, की चित्रीकरणाच्या वेळी ही थाप नव्हतीच! दुसऱ्या भागाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेटने 1978 च्या सुरुवातीला लिहिला. त्यातसुद्धा ल्यूकचे वडील आणि व्हेडर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. दोघांना एक केलं ते ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज ल्यूकसने, नंतर. म्हणजे गिनेसच्या त्या थांबण्यात आज आपल्याला जे दिसतं, ते 1977 च्या प्रेक्षकाला दिसणं शक्यच नव्हतं. पोरगं बापाच्या वळणावर गेलंय, असं ल्यूकची काकू म्हणते आणि काका म्हणतो, त्याचीच तर धास्ती आहे. पहिल्या खेपेला हे कानावरून जातं, दुसऱ्या खेपेला अंगावर काटा येतो. रहस्य फुटल्यावर उरलं काय, असं विचारणाऱ्यांनी सांगावं, रहस्य फुटण्याआधी हे प्रसंग होते कुठे?

आणि शेवट कळला की रस संपतो, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे माहीत असूनच आपण 1882 पासून ‘सौभद्र’ची तिकिटं काढत आलो, वर वन्स मोअरही देत आलो.

करामतीचं थोडक्यात उरकतो. सुरुवातीलाच डोक्यावरून सरकत राहणारं ते अजस्र जहाज म्हणजे सुमारे 3 फुटांचं मॉडेल. त्याच्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या छोट्या जहाजाचं मॉडेल उलट त्याहून मोठं होतं. ते आजही खरं वाटतं. डोळ्यांना खुपतात ती 1997 च्या विशेष आवृत्तीत ल्यूकसने घुसडलेली संगणकी जनावरं.

राहता राहिल्या गप्पा. त्या होतात, आणि व्हायलाच हव्यात. दारातून घाईने आत शिरताना एका शिपायाचं डोकं वर आपटतं, ते एकट्याने बघताना सहज सुटतं. मित्रांत कोणीतरी ओरडतो आणि सिनेमा मागे नेला जातो. गोळी आधी कोणी झाडली, यावरून तर हाणामारीची वेळ येते. 1977 मध्ये ती फक्त तस्कर हान सोलोने झाडली होती. 1997 मध्ये ल्यूकसने पहिली गोळी त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोच्या नावावर टाकली. हा वाद पोरकट मुळीच नाही. आधी पक्का मतलबी असलेला तस्कर शेवटी मित्रासाठी परत येतो, म्हणून त्या परतण्याला किंमत आहे. त्याला पहिल्यापासूनच सज्जन केलात, तर तो परतला काय नि न परतला काय!

1983 चा तिसरा भाग मात्र कमजोर, हे मान्य. पुन्हा डेथ स्टारच उडवायचा, यात कल्पनेचं दारिद्र्य आहे, आणि त्या केसाळ इवॉकांचा बचाव मी करणार नाही. पण सम्राट ल्यूकला विजेचे झटके देत असताना व्हेडर एकदा मुलाकडे, एकदा सम्राटाकडे बघतो, तो प्रसंग घ्या. मुखवटा तो मुखवटाच. त्यावरची रेषही हलत नाही, तरी आतला बाप आपल्याला दिसतो, कारण दोन सिनेमे आपण सोबत बाळगलेले असतात. 2011 च्या ब्लू-रे आवृत्तीत ल्यूकसने तिथे व्हेडरच्या तोंडी ‘नाही!’ असा आक्रोश घातला. आपल्याच प्रेक्षकावर त्याचा विश्वास उरला नसावा.

तेव्हा बघा, आणि 1977, 1980, 1983 याच क्रमाने बघा. यातलं काहीच न पाहिलेला एखादा मित्र अजून शिल्लक असेल, तर त्याला मधोमध बसवा आणि दुसरा भाग संपेपर्यंत बापाबद्दल अवाक्षर काढू नका.