गद्दार कोण?



गेल्या शनिवारी शारजाला एका मित्राकडे जमलो होतो. मिसळ झाली, चहा झाला. काही वर्षं टोरांटोला काढून नुकताच दुबईत परतलेला आमचा एक मित्र सहज बोलून गेला, "कॅनडाचा पासपोर्ट मिळाला, आपला जमा केला." लगेच कोपऱ्यातून आवाज, "गद्दार!" सगळे हसले. मीही हसलो. तो मात्र हसला नाही.

२०२२ च्या सत्तांतरापासून हा शब्द महाराष्ट्रात फारच स्वस्त झालाय. शब्द मूळचा अरबी. आमच्या ऑफिसातला इजिप्शियन वैतागला की 'दुनिया गद्दारा' म्हणतो. त्याच्या डोक्यात राजद्रोह वगैरे नसतो. विश्वास टाकला आणि दगा मिळाला, एवढंच.

आपल्याकडे गद्दार म्हटलं की आठवतो सूर्याजी पिसाळ. वाईच्या देशमुखीसाठी त्याने १६८९ साली रायगड झुल्फिकारखानाच्या हाती दिला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासकारांत त्यावर वाद आहेत, पण नाव बदनाम झालं ते झालंच.

दुसऱ्या टोकाला टिळक. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅचींनी ज्यूरीला कलम १२४ अ चा अर्थ सांगितला, तो असा की सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती! सहा युरोपियन ज्यूरर म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ साली पुन्हा खटला, सहा वर्षं मंडाले. आणि १९५६ साली त्याच हायकोर्टात टिळकांच्या उद्गारांची पाटी लागली.

मला यातून कळलं ते एवढंच, की प्रेम कायद्याने मोजता येत नाही. द्रोह व्हायला आधी विश्वास दिलेला असावा लागतो, आणि तो बहुधा लपूनच मोडला जातो. आमच्या मित्राने काय लपवलं? १९५५ चा नागरिकत्व कायदा सरळ सांगतो की स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. त्याने फी भरली, रांगेत उभा राहिला, पासपोर्ट परत केला. मतदानाचा हक्क गेला, तो त्याचा त्यालाच जास्त लागला असणार.

आणि आपण इथले? इथलं नागरिकत्व अर्ज करून मिळत नाही. वीस वर्षं राहा, तरी व्हिसा संपला की बॅगा भरायच्या. म्हणजे आपली निष्ठा शाबूत आहे, कारण आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. त्याचा तोरा कशाला मिरवायचा?

असो. आता एक कबुली. कॅनडाच्या पीआरचा माझाही अर्ज लॅपटॉपमध्ये अर्धा भरून पडलाय. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, ते बहुतेक त्यामुळेच. रविवारी मित्राला फोन करून सॉरी म्हटलं.

आईला सांगायचं अजून बाकी आहे. तुमच्यापैकी कुणी घरी सांगितलं असेल, तर कसं सांगितलं ते जरूर लिहा.