दिव्यावरचा पतंग

भाद्रपदात कशेडी घाटाच्या पोलादपूरकडील पायथ्याच्या वाड्यांतून दिवे लागले की, त्यांच्याभोवती लहान, फिकट पतंग घिरट्या घालू लागतात. मुले दिसेल तो पतंग चिरडतात. वडीलधारी माणसे कसरीच्या भीतीने कपड्यांच्या पेट्या झाकतात. दोघांचीही समजूत चुकीची आहे. कपडे खाणाऱ्या अळीचा पतंग उजेड टाळतो, अंधाऱ्या कोपऱ्यातच वावरतो. दिव्यावर झेपावणारा पतंग बहुधा निराळाच असतो.

तो कोण, हे मारण्यापूर्वी पाहिले पाहिजे. पंख पिवळसर असून पुढच्या प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका असेल, तर ती भातावरील खोडकिड्याची मादी होय. नर लहान व करडा असतो. त्याचे ठिपके अस्पष्ट असतात. मादी रात्री भाताच्या पात्याच्या शेंड्याजवळ अंडी घालते आणि आपल्या अंगावरील पिवळट केसांनी ती झाकून टाकते. पतंग स्वतः भात खात नाही. नासधूस करते ती अळी. ती खोडात शिरून आतला गाभा कुरतडते. रोप कोवळे असेल, तर मधला पोंगा वाळतो व ओढताच हातात येतो. पीक निसवल्यावर अळी शिरली, तर लोंबी पांढरी, पोचट आणि ताठ उभी राहते. शेतकरी हिला पळिंज म्हणतात.

पळिंज दिसल्यावर औषध फवारणे म्हणजे चोर पळाल्यावर दाराला कडी घालणे. अळी तोवर खोडात सुरक्षित असते. फवाऱ्याने मरतात ते बांधावरचे कोळी आणि खोडकिड्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशीची जात. आपले सोबती मारून शत्रू राखण्याचा हा प्रकार आहे! शिवाय दिव्याजवळचे सारेच फिकट पतंग अपराधी नसतात. कित्येक निरुपद्रवी असतात. काही वाघळांचे अन्न होतात.

त्यापेक्षा लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडावेत. अंडी तेथेच असतात. कापणी जमिनीलगत करावी, कारण उरलेल्या धसकटांत अळ्या दडून राहतात. रात्री दिव्याखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. सकाळी त्यातील पतंग काडीने उलटून ठिपके मोजण्याचे काम मुलांकडे द्यावे. ठिपकेवाले वाढू लागले की शेताकडे वेळीच लक्ष जाते.