आम्ही कुणाच्या आवडीचा विषय नाही

लेखाखाली बारीक टायपात छापलेलं असतं : लेखक मुक्त पत्रकार असून भटकंती, शास्त्रीय संगीत आणि दलितांचे प्रश्न हे त्यांच्या आवडीचे विषय आहेत.

वाचलंत दोस्तांनो? गड चढायचा, राग ऐकायचा, मग आपल्या वस्तीत यायचं. आपण साले ह्यांचा छंद! आपलं जळालेलं घर ह्यांच्या आवडीत बसतं आणि आवड सरली की हे दुसऱ्या विषयाला मोकळे.

मुक्त म्हणजे काय ते गोदीत येऊन विचारा. मीही मुक्तच आहे. बोट लागली तर रोज, नाही लागली तर फाका. पाय चिरडला की कंत्राटदाराच्या हजेरीत नाव सापडत नाही.

तालुक्याला आपला एखादा पोरगा असाच बातम्या पाठवतो. छापून आली तर चार पैसे, तेही महिन्यांनी. पोट चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी निघाली की ह्यानं जाहिराती गोळा करायच्या. देणार कोण? साखर कारखान्याचा चेअरमन, बिल्डर, सरपंच. आता त्याच सरपंचाच्या पोरांनी बौद्धवाड्याची विहीर नासवली तर हा लिहील काय? आणि लिहिलं, मार खाल्ला, तर पेपरवाले हात झटकतात : तो आमचा माणूस नव्हे. मुक्त आहे ना तो! संगीतवाल्याचं बरं असतं, त्याला बापाचा फ्लॅट असतो.

आत शिरायचं म्हणाल तर आतलं ऐका. १९९६ साली दिल्लीत बी. एन. उनियाल ह्या पत्रकारानं शोध शोध शोधलं, त्याला एक दलित पत्रकार सापडेना. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीनं माध्यमांतल्या वरच्या १२१ खुर्च्या मोजल्या. १०६ वर सवर्ण. दलित-आदिवासी शून्य. ह्या शून्याचा अर्थ खैरलांजीनं आधीच सांगितला होता. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली आणि सुरुवातीच्या बातम्यांत जात गायब, अनैतिक संबंध हजर!

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा ‘केसरी’नं पैसे देऊनसुद्धा जाहिरात छापली नव्हती.  पुढं ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्यानं लिहून भरले. मुक्त पत्रकार म्हणायचं तर ह्या माणसाला म्हणा.

तेव्हा पोरांनो, पेपरनं टोपलीत टाकलेली बातमी इकडं पाठवा. मोबाईलवर लिहा, शुद्धलेखन आम्ही बघू. मानधन आमच्याकडेही नाही, पण विहिरीची बातमी सरपंचाला विचारून छापणार नाही. आणि खाली आवडीचे विषय लिहू नका. गावाचं नाव लिहा.