विश्लेषण : भारतीय खो-खो संघ जिंकतोच, मग चिंता कशाची?

येडशीहून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या धाराशिवने भारतीय महिला खो-खो संघाला कर्णधार दिली. सारिका काळे. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला तब्बल 22 वर्षांनी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात धाराशिवचीच अश्विनी शिंदे होती. येडशी परिसरातल्या शाळकरी मुलींना आदर्श शोधायला लांब जावे लागत नाही.

भारताची कामगिरी किती भक्कम?

1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले, पण पहिली आशियाई स्पर्धा कोलकात्यात झाली ती थेट 1996 मध्ये. म्हणजे देशाबाहेरचा प्रतिस्पर्धी मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली! त्यानंतर मात्र भारताचा धडाका सुरू झाला. दक्षिण आशियाई स्पर्धेत 2016 आणि 2019 मध्ये पुरुष व महिला दोन्ही सुवर्णपदके भारताकडे आली. विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम लढतींत समोर नेपाळ होता. प्रियंका इंगळेच्या संघाने 78-40 अशी, तर प्रतीक वाईकरच्या संघाने 54-36 अशी बाजी मारली. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच.

मग खटकते काय?

त्याच स्पर्धेतले इतर गुणफलक. महिलांनी दक्षिण कोरियाला 175-18, इराणला 100-16 आणि बांगलादेशला 109-16 असे हरवले. टाळ्या वाजवाव्यात, पण याला चुरस म्हणता येणार नाही. त्या तुलनेत पुरुषांचा नेपाळविरुद्धचा सलामीचा सामना 42-37 असा सुटला, आणि प्रेक्षकांना खरा खो-खो तिथे दिसला. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेने पुरुष संघाला 60-42 पर्यंत झुंजवले. ज्या देशात हा खेळ गल्लीबोळात खेळला जात नाही, त्यांनी एवढी मजल मारावी ही स्पर्धेतली सर्वांत आशादायक गोष्ट होती.

कबड्डीचे उदाहरण ताजे आहे. 1990 पासून आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचेच होते. 2018 मध्ये जकार्तात इराणने पुरुष आणि महिला या दोन्ही संघांना हरवले. हळहळ झाली, पण कबड्डीचा दर्जा त्या पराभवाने वाढला. खो-खोला असा इराण अजून भेटलेला नाही.

धाराशिवच्या खेळाडूला याचे काय?

पुष्कळ काही. आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोला अजून पदकांचा खेळ म्हणून स्थान नाही. तिथले पदक मिळाले की नोकरी, शिष्यवृत्ती आणि बक्षिसाची दारे वेगळ्याच वेगाने उघडतात. त्यासाठी अनेक देशांत हा खेळ गांभीर्याने खेळला जायला हवा. सारिका आज क्रीडा अधिकारी आहे, पण तिच्यासारख्या किती जणी? महासंघाने विजयाचे सोहळे जरूर करावेत. त्याबरोबर मराठवाड्यातल्या मुरलेल्या प्रशिक्षकांना नेपाळ, बांगलादेश, दक्षिण आफ्रिकेत पाठवावे. आपलेच डावपेच त्यांच्या हाती जातील, अशी भीती कोणी घालेल. जाऊ द्यावेत. आणि इकडे तालुक्याच्या मैदानांवर मॅट पोहोचवावी, कारण आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होतात आणि गावातली पोर अजून मातीतच खांबाला वळसा घालायला शिकते.