मिरवणूक पाहण्याची जागा

गुढीपाडव्याच्या दिवशीं सकाळीं डोंबिवलींत नववर्षाची स्वागतयात्रा निघते. तेथील श्रीगणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं तिचा आरंभ केला; पुढें ही प्रथा ठाणें, कल्याण इत्यादि अनेक शहरांत पसरली. आमचे कित्येक विद्यार्थी लेझीम व ढोलपथकांत असतात, आणि त्यांचे पालक रस्त्याच्या कडेस उभे असतात. "गुरुजी, उत्तम जागा कोणती?" असें आम्हांस दरवर्षीं विचारण्यांत येतें.

कांहीं गोष्टी अनुभवानें कळतात. फडके रस्ता अरुंद, आणि मंदिराजवळील आप्पा दातार चौकांत सारा जनसमुदाय एकवटतो. पथकें चौकांत थांबून खेळ करतात, म्हणून प्रत्येकास चौकच हवा असतो. परंतु चौकाच्या शंभर पावलें अलीकडे उभें राहणाऱ्यास तींच पथकें निवांतपणें दिसतात. रस्ता वळतो तेथें वळणाच्या बाहेरच्या अंगास उभें राहावें, म्हणजे येणारी मिरवणूक समोरून दिसते. सूर्य पाठीशीं असावा. लहान मुलांस ढोलाच्या अगदीं निकट नेऊं नये. ठाण्याची यात्रा पाहणाऱ्यांस जांभळी नाक्याच्या दाटीपेक्षां मासुंदा तलावाची पाळ सोयीची. मात्र स्टेशनाचा पूल वा जिना ही पाहण्याची जागा कदापि नव्हे. ता. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबईंत एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. गर्दी थबकली कीं काय होतें, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

इतकें सांगून आमचें काम संपलें असतें. परंतु एक गोष्ट मनांत सलत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही उजाडण्यापूर्वींच वरच्या वर्गांतील मुलांसह जाऊन पहिली रांग धरली. मुलें उंच, त्यांत मोबाईल धरलेले हात वर. यात्रा सरल्यावर आम्ही मागें वळून पाहिलें, तों एक आजीबाई आपल्या पांच-सहा वर्षांच्या नातवास सांगत होत्या, "आतां लेझीम गेली, बाळा, ते घुंगुर ऐकलेस ना?" त्या दोघांनीं दोन तासांत आमच्या पाठींवांचून कांहींच पाहिलें नव्हतें. आम्हांस अतिशय लाज वाटली. जागा आम्हीं उत्तम निवडली होती, परंतु उभे मात्र वाईट रीतीनें राहिलों होतों.

लूककृत शुभवर्तमानांतील बुटक्या जक्कयाची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. गर्दीमुळें दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. त्याच्या युक्तीची आपण वाखाणणी करतों. पण त्या गर्दींत त्यास पुढें घेणारा एकही मनुष्य नव्हता, याचा विचार आपण क्वचितच करतों.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, येत्या पाडव्यास जागा अवश्य शोधा. परंतु उंच असाल तर मागें उभे राहा आणि लहानांस व वृद्धांस पुढें घ्या. उंचास मागूनही दिसतें. ठेंगण्यास पुढूनच दिसतें. आणि पालकहो, चित्र टिपून झालें कीं हात खालीं घ्या. आपल्यामागें कोण उभें आहे, हें एकदां वळून पाहिल्याखेरीज कोणतीही जागा उत्तम म्हणूं नये, असें आमचें मत आहे.